होडीच्या नाकावरचं तांबं

आमच्या होडीत पहिल्यांदा पाणी साचलं तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण पाण्याची बाटली माझ्या हातात होती. मी झाकण घट्ट असल्याचं दाखवलं आणि पाय वर घेतले. कापूस वेचायला निघालेल्या बायकांपैकी एकीनं वाकून तळाशी बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि जाहीर केलं, "बाटलीचं न्हाई. गंगेचंच हाय."

मग पलीकडचा काठ येईपर्यंत कुणी हललं नाही. वल्हं काकांच्या हातात होतं. काका म्हणजे माझ्या पप्पांचे धाकटे भाऊ. ते तेवढे हसत होते, पण वल्हं नेहमीपेक्षा भराभर मारत होते.

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिच्यावर बंधारा झाला तेव्हापासून गावाखालच्या ओढ्यात पाणी मागे चढून थांबतं, आणि आमचं माळाचं वावर त्या पाण्याच्या पलीकडे पडलं. रस्त्यानं जायचं तर पाथरीच्या बाजूनं एवढा वळसा की बैलगाडीवाला नको म्हणतो. म्हणून होडी. आधीची लाकडाची होती, ती कुजली. मग काकांनी नांदेडला जाऊन एका वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होडी करून आणली. ट्रॉलीतून उतरवताना त्यांनी तिच्यावर थाप मारली होती. "दादा, हिला गंज न्हाई. आपली नातवंडं बसतील हिच्यात."

दीड-दोन वर्षांतच पाणी आलं.

पहिल्या वेळी पप्पांनी ती ट्रॅक्टरनं काठावर ओढून घेतली, उलटी केली आणि भोकावर ठिगळ लावलं. ॲल्युमिनियमचाच तुकडा, खाली रबर, आणि वरून पितळेचे बोल्ट. मोटारीच्या कामात पप्पांचा हात चांगला आहे. लोखंडी बोल्ट गंजतात, पितळेचे गंजत नाहीत, असा त्यांचा हिशेब होता. होडी पुन्हा पाण्यात गेली, बाभळीला साखळीनं बांधली गेली, आणि कापसाची दुसरी वेचणी सुरू व्हायच्या आत पुन्हा गळायला लागली. या वेळी ठिगळाच्याच कडेनं. कुणी बसलेलं नसतानाही सकाळी जाऊन पाहावं तर तळाशी पाणी.

सकाळचा चहा पप्पा आणि काका आमच्या पायरीवर बसून एकत्र प्यायचे. एकाच अंगणात आमची दोन घरं समोरासमोर आहेत, स्वयंपाक वेगळा, पण हा चहा एकत्र. त्या सकाळी मी आत अभ्यास करत होते आणि खिडकी उघडी होती.

"पत्राच बोगस हाय," पप्पा म्हणाले.

"दादा, म्या सोता बघून घेतलाय पत्रा."

"बघून घेतलास ना? मंग दिसलं न्हाई का?"

काकांनी अर्धा कप पायरीवर ठेवला आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. पप्पा एकटेच पायरीवर बसायचे आणि चहा संपला तरी कप हातात धरून ठेवायचे. काही दिवसांनी ते मम्मीला म्हणताना ऐकलं, "माळाचं वावर वाटून टाकू औंदा. रोजची कटकट नको." पण वावर एकदा वाटलं की पुढच्या वर्षी अंगणात भिंत येते, हे मी गावातल्या दोन घरांत पाहिलेलं होतं.

मी फारशी बोलत नाही. परभणीला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले, पुढे तिथेच केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आणि आता परीक्षांचे अर्ज भरत घरी होते. गावात माझ्याबद्दल एकच वाक्य आहे, "लय शिकलेली हाय, बोलत न्हाई." ते गर्व समजतात. मला बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवावं लागतं, आणि ते जुळेपर्यंत विषय बदललेला असतो, एवढंच आहे ते.

होडी काठावर उलटी पडली होती. पप्पा ती भंगारात घालणार होते. एका दुपारी मी तिकडे गेले, खरं तर घरातली शांतता सहन होईना म्हणून. ऊन होतं. मी तिच्या सावलीच्या बाजूला बसले आणि माझ्या डोळ्यांसमोर तिचा तळ आला.

मागचा अर्धा भाग चांगला होता. ओरखडे होते, पण पत्रा शाबूत. पुढे मात्र, नाकाकडे जावं तसे बारीक खड्डे वाढत होते, देवीच्या व्रणांसारखे, आणि त्यांच्यावर पांढरी खरखरीत पूड धरली होती. नखानं खरवडली की खाली आणखी खोल खड्डा निघायचा. पप्पांच्या प्रत्येक बोल्टभोवती तसंच पांढरं कडं होतं. आणि नाकाच्या खाली, सगळ्यात जास्त खड्ड्यांच्या मधोमध, आत्याचं तांबं होतं. लख्ख.

ते तांबं म्हणजे तळहाताएवढा पत्रा, त्यावर चंद्र-सूर्य कोरलेले. आत्या पप्पांची थोरली बहीण, कितीतरी वर्षांपासून आमच्याकडेच असते. आमच्या घराण्यात होडीच्या नाकाला, पाण्याखाली येईल असं, तांबं ठोकतात. गंगामाईला तांबं सतत लागलेलं राहावं म्हणून. लाकडी होडीला होतं, त्याच्या आधीच्या होडीलाही होतं. नवी होडी आली तेव्हा आत्यानं पाथरीच्या बाजारातून हे आणलं आणि काकांनी भोकं पाडून स्क्रूनं बसवून दिलं. पाणी यायला लागल्यापासून तर ती दर सोमवारी काठावर जायची, होडीचं नाक वर ओढायला लावायची आणि चिंचेनं ते तांबं घासून काढायची. गंगामाई कशानं तरी रुसली आहे, असं तिचं म्हणणं होतं.

मी तिथेच बसून राहिले. शाळेत आम्ही धातूंचा क्रम इंग्रजीतून पाठ केला होता. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले असले आणि दोन्ही पाण्यात असले, तर त्यांचा सेल होतो आणि त्यातला एक धातू विरघळत जातो. तांबं आणि ॲल्युमिनियम असेल तर झिजतं ॲल्युमिनियम. परीक्षेत मी हे कितीदा लिहिलं होतं. ते आमच्या ओढ्यात, आमच्याच होडीला होईल, हे कधी मनात आलं नव्हतं. लाकडाच्या होडीला तांबं ठोकलं तर काही बिघडत नाही. लाकडात वीज वाहत नाही. रीत तीच राहिली आणि खालची होडी बदलली.

संध्याकाळ व्हायच्या आत मी पप्पांच्या खणातून मोटारीसाठी वापरतात तो मल्टिमीटर आणला. एक टोक तांब्याला, एक पत्र्याला. मीटर वाजला. म्हणजे दोन्ही धातू आतून जोडलेले होते. बोल्टांना लावला, तिथेही वाजला. पुढच्या कडीत अडकवलेली लोखंडी साखळी उचलून लावली, तिथेही. साखळीचा अर्धा भाग कायम पाण्यात असायचा.

पत्रा बोगस असता तर सगळीकडे सारखा सडला असता. म्हणजे काका खरे होते. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटीच हसले. आणि लगेच लक्षात आलं, काकांना सोडवायचं तर आत्याचं नाव घ्यावं लागणार.

मी काही दिवस गप्प राहिले. मग ठरवलं की आधी पक्कं करायचं. त्याच पत्र्याचा तुकडा हवा होता आणि तो काकांकडे होता. ते गोठ्यात होते.

"काका, होडीचा उरलेला पत्रा आहे का?"

"कामून? तुज्या पप्पानं धाडलं का तपासायला?"

"नाही. मलाच हवाय."

काकांनी कोंबड्यांच्या खुराड्यावरचं झाकण काढून माझ्या हातात दिलं. "घे. पायजे तर सोनाराकडं घेऊन जा. कसाला लावून बघ म्हनाव."

मी कात्रीनं पट्ट्या कापल्या. लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्यांत ओढ्याचं पाणी भरलं. एकीत नुसती पट्टी. दुसरीत तांब्याची तार गुंडाळलेली पट्टी. तिसरीत तशीच तारवाली पट्टी आणि चमचाभर मीठ, कारण साध्या पाण्यात फार हळू होतं आणि मला घाई होती. बरण्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या.

"हे कशाचं लोनचं घातलंस गं?" आत्यानं विचारलं.

"प्रयोग आहे."

"आमाला बी सांग की. का इंग्रजीतच सांगता येतंय?"

मी तिला एवढंच सांगितलं की कोणती पट्टी आधी खराब होते ते बघायचंय. बस्स, तिला काम मिळालं. रोज पूजा झाली की ती खिडकीशी जायची, चष्मा पुसायची आणि तिन्ही बरण्यांत डोकावायची. मिठाची बरणी तिनंच आधी ओळखली. "ह्याला बुरशी आली बघ." मग आठवड्याभरानं मधल्या बरणीतही तारेला लागून पांढरे ठिपके उठले. पहिली पट्टी मात्र होती तशीच. आत्यानं पहिली बरणी उचलून उजेडात धरली. "ही एकटी हाय, म्हनून सुखात हाय."

आता बोलायलाच हवं होतं. मी वाक्य जुळवत होते. "आत्या," मी म्हणाले, "ती तार तांब्याची आहे. आणि आपल्या होडीच्या नाकाला…"

ती थांबली. बरणी जागेवर ठेवली. मग लुगड्याच्या पदरानं उगाच खिडकीची कड पुसत राहिली. मला वाटलं, संपलं. आता ही रडणार, आणि हे माझ्यामुळे झालं असं घरात कायम राहणार.

"लाकडाच्या होडीला कधी झालं न्हाई हे," ती म्हणाली.

"लाकडाला होत नाही. धातूला धातू टेकला की होतं."

"मंजी तांब्यात खोट न्हाई."

"नाही."

"पत्र्यात बी न्हाई."

"नाही आत्या. दोघं टेकले, ते चुकलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग लहान्यानं काय बी केलं न्हाई?" लहान्या म्हणजे काका. मी मान हलवली. तिचा चेहरा असा सैल झाला की मी तो कधी विसरणार नाही. मला वाटत होतं तिला तांब्याचं दुःख होईल. ती इतके दिवस वेगळ्याच काळजीत होती. "आन् तू हे कवापासून पोटात घेऊन बसलीस? बापाला भितीस का?" माझ्या उत्तराची वाट न बघता तिनं अंगणात हाक मारली. "ए भाऊ! इकडं ये. तुजी पोरगी काय म्हनायली ऐक. बोलायली, म्हनून लवकर ये."

पप्पा आले. मी बरण्या दाखवल्या. त्यांनी मिठाच्या बरणीवर बोट ठेवलं. "गंगेत मीठ कुठंय?"

"म्हणून ही मधली. हिच्यात नुसतं ओढ्याचं पाणी आहे."

त्यांनी मधली पट्टी बाहेर काढली, तार सोडवली आणि अंगठ्यानं पांढरी पूड पुसली. खाली खड्डे होते. मी पुढचं वाक्य जुळवत होते, सेल, प्रवाह, कुठल्या धातूतून कुठल्या धातूकडे, पण मराठीत ते मला धड जमत नव्हतं. तेवढ्यात पप्पाच म्हणाले, "स्टार्टरजवळ तांब्याच्या वायरला ॲल्युमिनियमची जोडली की पावसाळ्यात जोड खातो, तसं?"

"हो. अगदी तसंच."

वावरात मोटार असलेल्या प्रत्येकाचा असा जोड कधी ना कधी जळालेला असतो. पप्पा स्वतः दर वर्षी तो कापून नवा करतात. त्यांना आणखी काही समजावून सांगायची गरज उरली नाही. उलट पुढचा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तो मी विचारणार नव्हते.

"मंग पितळ?"

मी बरणीकडे पाहिलं. "पितळेतही तांबंच असतं, पप्पा."

ते स्टुलावर बसले. "बोल्ट तर म्या लावलेत."

"आता कसं!" आत्या म्हणाली. "माजं तांबं एकच व्हतं बाबा. तुज्या बोल्टांची तर माळच हाय."

पप्पांना हसू आलं, पण ते त्यांनी मिशीत दाबलं. थोडा वेळ पट्टी हातात फिरवली. मग उठून पान्यांची पेटी काढली आणि अंगण ओलांडून काकांच्या दाराशी गेले. मी आणि आत्या खिडकीतून बघत होतो, लपायचं नाटकही न करता.

"हायस का घरात?"

आतून काही वेळानं आलं, "हाय."

"होडीचे बोल्ट काढायचेत. आतून धरायला कोनी तरी लागतंय."

"बोगस पत्र्याचे बोल्ट काढून काय करता?"

पप्पा पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिले. "पत्रा बरा हाय," ते म्हणाले. "बोल्ट चुकले. म्या लावलेले."

काका दारात आले. त्यांनी आधी पप्पांकडे, मग पेटीकडे, मग सरळ आमच्या खिडकीकडे पाहिलं. "चहा घेऊन येतो," ते म्हणाले.

"तिकडंच हाय चहा," पप्पा म्हणाले, आणि मी सांगायच्या आतच मम्मीनं पातेलं गॅसवर ठेवलं.

पुढचं काम तसं सोपं होतं, आणि कामाच्या निमित्तानं दोघं पुन्हा भांडायलाही लागले, ते ऐकून बरं वाटायचं. पितळेचे बोल्ट काढले. खड्डे घासून साफ केले, मोठी भोकं ॲल्युमिनियमच्या ठिगळांनी आणि ॲल्युमिनियमच्याच रिव्हेटांनी बंद केली, सांध्यात सीलंट भरलं. जिथे स्टीलचा बोल्ट टाळता आला नाही तिथे प्लास्टिकचे वॉशर आणि नळी घालून तो पत्र्याला टेकणार नाही असं केलं. प्रत्येक बोल्टाला मी मीटर लावायचे, आणि तो वाजला नाही की काका म्हणायचे, "पास!" साखळी काढून नायलॉनचा दोर आला.

एक गोष्ट मात्र मला परभणीत जाऊन शोधावी लागली. मी वाचलं होतं की होडीला मुद्दाम असा एक धातू जोडतात जो आधी झिजतो आणि पत्र्याला वाचवतो. समुद्रात जस्त चालतं, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम बरं. ते कुठे मिळणार, कळेना. मग आठवलं की मामांच्या घरी गिझर दुरुस्त करायला आलेल्या माणसानं टाकीतून एक झिजून बारीक झालेला दांडा काढला होता. आमच्याकडचं पाणी जड, टाक्या लवकर जातात, म्हणून तो मॅग्नेशियमचा दांडा घालतात. मी स्टेशन रोडजवळच्या गिझरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. तीन गिऱ्हाइकं होऊन जाईपर्यंत बाजूला उभी राहिले आणि मग विचारलं.

"कोणत्या कंपनीचा गिझर?" दुकानदारानं विचारलं.

"गिझर नाही. होडी आहे."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "होडीत गरम पाणी लागतंय का?"

माझे कान तापले, पण मी दांडा घेऊन आले. काकांनी तो तळाला, पाण्याखाली राहील असा, पत्र्याला घट्ट टेकवून बसवला. इथे मात्र टेकायलाच हवा होता. मीटर वाजला, तेव्हा काका म्हणाले, "नापास!" आणि मला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागलं. आत्याला एका वाक्यात समजलं. "मंजी होडीच्या बदली ह्यो मरनार. बळीचा बकरा." दर पावसाळ्याआधी तो बघायचा आणि अर्धा झाला की बदलायचा, असं ठरलं.

राहिलं तांबं. ते काढताना काकांनी आत्याकडे पाहिलं. तिनं स्वतःच ते पदरात घेतलं, काठावरच्या धुण्याच्या दगडापाशी गेली आणि म्हणाली, हितं बसव. पाणी दगडापर्यंत कायम असतं. काकांनी सिमेंटनं ते दगडात बसवलं. होडी तिथून लांब, दोराला बांधलेली असते. गंगेला तांबं लागतं आणि होडीला लागत नाही. आत्या सोमवारी अजूनही चिंच घेऊन जाते. आता तिला होडीचं नाक कुणाकडून वर ओढून घ्यावं लागत नाही, आणि ती म्हणते की हे आधीच सुचायला हवं होतं.

माळाचं वावर वाटायचा विषय पुन्हा निघाला नाही. निघाला नाही हे कुणी बोलूनही दाखवलं नाही.

शेवटच्या वेचणीला बायका पुन्हा होडीत बसल्या. वल्हं काकांकडे, पप्पा मागच्या फळीवर, मी मध्ये, डबा आणि बाटली घेऊन. बायकांनी पाय आधीच वर घेतले होते. ओढ्याच्या मधोमध आल्यावर मी तळाशी हात फिरवला. कोरडं. पुढे, ठिगळांपाशीही कोरडं. मी इतकी खूश झाले की बाटली उघडून पाणी प्यायले आणि झाकण नीट लागलं नाही ते कळलंच नाही.

"पानी!" कुणीतरी ओरडलं. वल्हं थांबलं. पप्पा अर्धे उठले. काकांनी सरळ माझ्याकडे पाहिलं.

पहिल्या दिवशीची तीच बाई शांतपणे वाकली. बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"बाटलीचं हाय," ती म्हणाली. "फिल्टरचं. चवच न्हाई."

काका आधी हसले. मग पप्पा. मग सगळी होडी इतकी हलायला लागली की त्याच बाईला ओरडावं लागलं, "हासून बुडवता का आता!" मी झाकण घट्ट केलं. पुढे पलीकडचा काठ दिसत होता, आणि काका आता वल्हं सावकाश मारत होते.